पडेल असं धरूनच घ्या: ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकलकडे वळताना

रोजची गाडी विकून किंवा तिच्या जोडीला ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी मोटरसायकल, घ्यायचं ठरलं की चर्चा सुरू होते सीसी आणि पॉवरपासून. ती दुसऱ्या टोकापासून सुरू व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. ही गाडी पडणार आहे. मुरमाच्या वळणावर पडेल, ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर पडेल, नाहीतर नुसती उभी असताना पाय नेमका खळग्यावर आला म्हणून पडेल. डांबरावर पडणं हा अपघात असतो. मातीत, चालण्याच्या वेगात पडणं हा शिकण्याचाच भाग आहे. गाडी किती वजनाची असावी, तिच्यावर काय बसवावं, अंगावर काय घालावं, कुठे आणि कोणाबरोबर जावं, या सगळ्याची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

पुढचं सगळं लिहिताना महाराष्ट्रातला एक चालक डोळ्यांसमोर आहे. पल्सर, शाईन किंवा बुलेट त्याने काही वर्षं चालवली आहे, घाट चालवले आहेत, पण डांबर कधी सोडलेलं नाही.

आधी आपला वापर तपासा

गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली ते आठवा. रोजचं ऑफिस, मागे बायको किंवा मुलगा, महिन्यातून एकदा गावाकडची दोन-तीनशे किलोमीटरची फेरी, एवढंच असेल तर तुम्हाला उंच सस्पेन्शनच्या गाडीची गरज नाही. पुढे १९ इंची चाक असलेली, रस्त्याकडे झुकणारी अ‍ॅडव्हेंचर गाडी तुम्हाला जास्त सुखाची. ड्युअल-स्पोर्ट घ्यावी ती कच्च्या वाटेवर मुद्दाम जायची ओढ आहे म्हणून, आणि त्या वाटेपर्यंत डांबरावरून स्वतःच चालवत जायचं आहे म्हणून.

हा दुसरा भाग विसरू नका. आपल्याकडे ट्रेलरवर गाडी चढवून डोंगरापाशी नेण्याची सोय फार कमी जणांना असते. पुणे, नाशिक, कोल्हापूर कुठूनही निघा, कच्चा रस्ता लागेपर्यंत पन्नास-साठ किलोमीटर डांबर कापावंच लागतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे तिथे जुना महामार्गच धरावा लागतो. २०० सीसीची सिंगल सिलिंडर गाडी ८०-८५च्या वेगाला आनंदात चालते. त्यापुढे ती कुरकुरते आणि चालक दमतो. तुमचा प्रवास या वेगात बसत असेल तर हलकी गाडी घ्यायला हरकत नाही.

निवड: वजन आधी, मग उंची, मग बाकी सगळं

आपल्याकडे हा प्रकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणायचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे हिरोची १५० सीसीची इम्पल्स. ती २०११ मध्ये आली. सस्पेन्शन चांगलं होतं, इंजिन अपुरं पडलं आणि ती बंद झाली. मग २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली आणि खेळ बदलला. आज निवडीला बऱ्यापैकी वाव आहे. एक्सपल्स २०० ४व्ही (चार व्हॉल्व्हची आवृत्ती) साधारण १६० किलोची, सीट ८२५ मिलिमीटर उंच. कावासाकी केएलएक्स २३० सुमारे १४० किलोची, पण सीट ८८०ची. केटीएम ३९० एन्ड्युरो आर १७७ किलोच्या आसपास, सीट ८६०ची. रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० मध्ये ताकद भरपूर, ४० पीएस, सीट ८२५ किंवा ८४५वर लावता येते, पण वजन १९६ किलो.

कागदावर १६० आणि १९६ यांतला फरक किरकोळ वाटतो. चढावर, उन्हात, तिसऱ्यांदा आडवी झालेली गाडी उचलताना तो छत्तीस किलो काय असतो ते कळतं. म्हणून शोरूममध्ये किंवा ओळखीच्याकडे एक परीक्षा जरूर घ्या. मालकाची परवानगी घेऊन, खाली जाड सतरंजी किंवा जुने टायर टाकून गाडी हळूच आडवी करा आणि एकट्याने उचला. दोनदा उचलून तिसऱ्यांदा हात थरथरायला लागले, तर एकट्याने रानात नेण्याची ती गाडी नव्हे, मग तिची पॉवर काहीही असो. पहिली ड्युअल-स्पोर्ट म्हणून मी बहुतेकांना १६०-१७० किलोच्या आतलीच सुचवेन. ताकद कमी असली की क्लच आणि गिअर नीट वापरायला शिकावं लागतं. मोठ्या इंजिनावर हे शिक्षण लांबतं.

उंचीची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त असते. दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत, हा रस्त्यावरच्या गाडीचा हट्ट इथे सोडावा लागतो. एक पाय नीट टेकला की पुरे. थांबताना कंबर सीटवरून किंचित डावीकडे सरकवा, डावा पाय खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. थांबायची जागाही आधीच हेरा. डावीकडची जमीन जरा उंच असेल तिथे थांबलात तर पाय सहज पोहोचतो. इतकं करूनही जमत नसेल तर आधी सीटचा फोम कमी करून घ्या. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली आणण्याचा मार्ग शेवटी ठेवा, कारण त्यात ग्राउंड क्लिअरन्स जातो आणि गाडीचा तोलही बदलतो.

चाकांबद्दल थोडक्यात. पुढचं २१ इंची चाक दगडावरून, खड्ड्यातून सहज चढून जातं, कारण मोठ्या घेरामुळे अडथळा चाकाला कमी कोनात भिडतो. त्याची किंमत डांबरावर मोजावी लागते. वळताना गाडी जरा उशिरा ऐकते आणि अरुंद टायरमुळे पुढची पकड बेताची असते. तारांची चाकं घाव सोसतात, पण बहुतेक गाड्यांत त्यांच्यासोबत ट्यूब येते. त्यामुळे पंक्चर काढणं शिकणं आलंच.

जुनी गाडी घेत असाल तर ती मातीत वापरलेली असणार हे धरूनच तपासा. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ, सैल तारा, हँडल वळवताना मधोमध खाच लागल्यासारखं अडकणं, चाक आडवं हलवल्यावर जाणवणारी खडखड. एअर फिल्टर काढून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर ती इंजिनात गेलेली आहे. अशी गाडी सोडून द्या.

पहिल्या महिन्यात काय बसवायचं

हौशीचं सामान नंतर. आधी पडल्यावर जे मोडतं ते वाचवायचं. इंजिनाखाली धातूची भक्कम बॅश प्लेट, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा असलेले हँडगार्ड, गाडीला रेडिएटर असेल तर त्याला जाळी. नुसते प्लॅस्टिकचे हँडगार्ड वारा आणि काटे अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर अगदी घट्ट आवळू नका. हाताने जोर लावल्यावर फिरतील इतकेच ठेवा. मग पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते.

मग गाडी उभं राहून चालवण्यासाठी बेतून घ्या. फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, हात हँडलवर ठेवा. पाठीला कुबड येत असेल तर हँडल थोडं पुढे फिरवा किंवा हँडल उंच करणारे रायझर लावा. उभं असताना उजव्या पायाचा चवडा मागच्या ब्रेकवर सहज पडला पाहिजे आणि लिव्हर जरा खाली झुकलेल्या हव्यात. या कामाला अर्धा तास आणि दोन पाने लागतात. बाजारातल्या कोणत्याही महागड्या भागापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

टायरच्या बाबतीत पहिल्या वर्षी कंपनीचेच, अर्धे रस्त्याचे अर्धे मातीचे, वापरा. खोल नक्षीचे नॉबी टायर मातीत छान पकडतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अंतर जास्त घेतात आणि घाटातल्या वळणावर टायर पिळवटल्यासारखा जाणवतो.

अंगावरच्या सामानात बूट पहिले. गाडी पायावर पडते ती घोट्याच्या आसपास. ट्रेकिंगचे किंवा ऑफिसचे बूट तिथे काहीच रोखत नाहीत. घोटा आणि नडगी झाकणारे ताठ ऑफ-रोड बूट घ्या, मग गुडघ्याचे गार्ड, हातमोजे, छाती-पाठीचं आर्मर. हेल्मेट आयएसआय खुणेचं, पुढे छज्जा असलेलं. खांद्याला पाण्याची पिशवी अडकवा. कच्च्या वाटेवर तासाभरात माणूस इतका घामाघूम होतो की तहानेने लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की गाडी पडते.

मैदानावरचे धडे

डोंगर महिनाभर थांबेल. गावाबाहेरचं मुरमाचं मोकळं मैदान शोधा, जिथे पोरं क्रिकेट खेळत नाहीत आणि कुणाचं पीक नाही. पुढचे धडे याच क्रमाने घ्या.

पहिला धडा गाडी उचलण्याचा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे उचलताना ती घरंगळणार नाही. उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर सरळ झालेली गाडी तशीच पलीकडे जाईल. मग गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटच्या कडेला टेकवून खाली बसा, एका हाताने खालच्या बाजूची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा हँडल किंवा फ्रेम धरा, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उठा. उतारावर चाकं वरच्या अंगाला असतील तर थेट उचलू नका. गाडी आहे तशी आडवीच फिरवून चाकं खालच्या अंगाला आणा. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या पडल्यावर सेन्सरमुळे बंद होतात. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की सुरू होतात.

दुसरा धडा कासवगतीचा. पहिला गिअर, क्लच अर्धा सुटलेला, माणसाच्या चालीने सरळ, मग आठचा आकडा. नजर पुढच्या चाकावर अडकू द्यायची नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची. इथे रस्त्यावरची एक सवय मोडावी लागते. डांबरावर आपण गाडीबरोबर आत झुकतो. मातीत हळू वळताना गाडीला आत झुकवायचं आणि आपण सरळ, किंबहुना थोडं बाहेर राहायचं, बाहेरच्या फुटपेगवर वजन देऊन. असं केलं की टायर घसरला तरी आपलं वजन त्याच्या माथ्यावर राहतं.

तिसरा धडा उभं राहण्याचा. मुठी सैल, कोपरं बाहेर, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरलेली. गाडी तुमच्याखाली नाचली पाहिजे आणि तुम्ही स्थिर. हात दुखत असतील तर तुम्ही हँडलला लोंबकळताय, पायांवर उभे नाही.

चौथा ब्रेकचा, आणि यावर सर्वांत जास्त वेळ घाला. वीस-पंचवीसच्या वेगात फक्त मागचा ब्रेक दाबून चाक लॉक करा आणि गाडी सरळ घसरू द्या. शेपूट हलली तरी गाडी पडत नाही हे अंगाला कळू द्या. मग फक्त पुढचा ब्रेक, एका-दोन बोटांनी, पिळत पिळत. मातीतही गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, पण तो झटक्याने दाबला तर सावरायला वेळ देत नाही. एबीएसचं, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, गणित गाडीप्रमाणे बदलतं. एक्सपल्स २०० ४व्हीमध्ये ते फक्त पुढच्या चाकाला आहे, हिमालयन ४५० मध्ये मागच्या चाकाचं बंद करता येतं. कच्च्या वाटेवर मागचं बंद, पुढचं चालू, ही सुरुवातीला शहाणपणाची मांडणी. डांबर लागलं की मागचं पुन्हा चालू करायचं.

पाचवा धडा चढावर अडकण्याचा. चढ चढता येणं महत्त्वाचं, पण मध्येच गाडी बंद पडल्यावर खाली येता येणं त्याहून महत्त्वाचं. अशा वेळी घाबरून क्लच दाबला जातो आणि गाडी मागे सुटते. पुढचा ब्रेक कितीही दाबला तरी ती मागे सरकते, कारण चढावर भार मागच्या चाकावर असतो. म्हणून इंजिन बंद पडलं तर पडू द्या, क्लच सोडलेला ठेवा. गिअरमधलं बंद इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. मग पुढचा ब्रेक दाबून, क्लच थोडा थोडा सोडत-धरत गाडी इंच इंच मागे आणा, हँडल वळवून तिला आडवी करा आणि तोंड उताराकडे करून खाली या. हे छोट्या टेकाडावर पुन्हा पुन्हा करा.

हवा, ट्यूब आणि पाने

टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. ट्यूबच्या गाडीत साधारण १८ ते २० पीएसआय ही सुरुवातीची मर्यादा समजा. त्याखाली गेलात आणि टोकदार दगड लागला तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात. परत डांबरावर आल्यावर हवा कंपनीच्या आकड्यापर्यंत भरायलाच हवी. म्हणून छोटा पंप आणि प्रेशर गेज कायम बरोबर ठेवा.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे स्प्लेंडरची ट्यूब हमखास मिळते, २१ इंची मिळेलच असं नाही. म्हणून २१ इंची एक ट्यूब बरोबर ठेवा. अडल्यावेळी ती मागच्या १८ इंची चाकातही घडी घालून बसवता येते आणि घरापर्यंत पोचवते. टायर काढायच्या पट्ट्या, पॅच, तुमच्या अ‍ॅक्सलला बसणारे पाने, वायर, चिकटपट्टी, झिप टाय. हे सगळं विकत घेऊन पिशवीत टाकणं पुरेसं नाही. एका रविवारी अंगणात दोन्ही चाकं काढून, ट्यूब बदलून परत बसवा.

सामान मऊ पिशव्यांत, खाली आणि शक्य तितकं पुढे बांधा. धातूच्या पेट्या पडताना पाय अडकवतात, सुरुवातीला त्या नकोतच.

कुठे जायचं, कुठे अजिबात नाही

सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी पाणंद रस्ते आणि गावांना जोडणारे कच्चे रस्ते सगळ्यांत उत्तम. तिथे बैलगाडी, ट्रॅक्टर, दुधाची मोटरसायकल येत-जात असते, म्हणजे वाट चालती आहे आणि काही झालं तर माणूस भेटतो. "पुढे वाट आहे का?" असं विचारलं तर उत्तर बहुधा "आहे की!" येतं, कारण पायी वाट असतेच. "मोटरसायकल जाते का, आणि पाऊस पडून गेल्यावरही जाते का?" असं विचारा. या वाटांवर साध्या १०० सीसीच्या गाडीवरून दुधाचे कॅन नेणाऱ्या माणसाच्या मागून चार वळणं जा. तो कुठून काढतो, कुठे पाय सोडतो, हे बघण्यासारखं असतं.

मातीचा स्वभाव प्रदेशागणिक बदलतो. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर सुकल्यावर बारीक गोल खडे सुटतात आणि वळणावर चाक त्यांवरून निसटतं, म्हणून तिथे वळण्याआधीच वेग कमी करा. घाटमाथ्यावर कातळ आणि घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार. घसाऱ्यावर थांबू नका, हलका थ्रॉटल कायम ठेवा आणि हँडल थोडं वळवळू द्या. मराठवाडा, विदर्भातली काळी माती सुकी असताना सुंदर, पण पाऊस पडल्यावर तिथे जाऊच नका. ती टायरला थरावर थर चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचं बंद होतं. अशा वेळी एकच उपाय असतो, काठीने माती खरवडणं.

मौसमात ऑक्टोबर-नोव्हेंबर शिकण्यासाठी सर्वांत चांगला. जमीन बसलेली, धूळ कमी, ओढ्यांत बेताचं पाणी. पावसाळ्यात नवख्याने डोंगरात शिरू नये.

पाण्याबद्दल कडक नियम ठेवा. ओढा आधी पायी ओलांडून पाहायचा. पाणी चाकाच्या आसापेक्षा वर असेल, तळ दिसत नसेल किंवा ओढ पायाला जाणवत असेल, तर मागे फिरायचं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते वीतभर दिसलं तरी गाडी घालायची नाही. फरशीवर शेवाळ असतं, आणि पलीकडच्या बाजूला गाडी अडवायला काही नसतं. पाण्यात गाडी पडून इंजिन बंद झालं तर स्टार्टर मारू नका. आधी बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, पाणी गेलं असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर टाका.

आता जिथे जायचं नाही ते. सह्याद्रीतले सडे आणि पठारं दिसायला मोकळी मैदानं असतात, पण तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर असतो आणि त्यावर वर्षातून काही आठवडेच उगवणाऱ्या वनस्पती असतात. एका चाकोरीने तो थर फाटतो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी हे २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गडांच्या वाटा आणि माच्या चालणाऱ्यांसाठी आहेत, तिथे गाडी नको. समुद्राची पुळणही नको. तिथे कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी गाडीची साखळी आणि तारा खाऊन टाकतं. शेताच्या बांधावरून गाडी काढू नका. धनगराचा वाडा किंवा मेंढरांचा कळप दिसला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा, कळप जाऊ द्या. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणाऱ्यांमुळे गावकरी वाटा बंद करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

एकट्याने जाऊ नका. दोघं बरी, तिघं उत्तम. एकाला लागलं तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणायला जातो. रेंज जाण्याआधी घरी परतीची वेळ आणि वाटेतल्या गावांची नावं कळवा. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

परत आल्यावर

मातीतून आल्यावर गाडी त्याच दिवशी धुवा, पण प्रेशरचं पाणी चाकाच्या आसावर आणि हँडलच्या मुळाशी मारू नका, ग्रीस निघून जातं. धुळीच्या फेरीनंतर एअर फिल्टर उघडून बघायचाच, सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असो. तारा एकेक करून पान्याने हलके वाजवा. ज्या तारेचा आवाज बद्द येतो ती सैल आहे. मोजक्या असतील तर त्या ओळखीच्या कारागिराकडून आवळून घ्या, एकाच बाजूच्या बऱ्याच असतील तर रिम वाकली आहे का तेही तपासा. साखळी साफ करून, वाळवून तेल द्या. बॅश प्लेट महिन्यातून एकदा काढून तिच्यात साठलेला चिखल काढा, तो इंजिनाची उष्णता अडवतो आणि बोल्ट गंजवतो. खोल पाण्यातून गेला असाल तर चाकांची बेअरिंग पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता तपासून घ्या. एकेका चाकाला हाताने आडवं हलवून बघायला दोन मिनिटं पुरतात.